फुलं, जुन्या गाड्या आणि घरातले क्षण : हौशी फोटो चार लोकांपुढे कसे ठेवावेत

मोबाइलमुळे फोटो काढणं सोपं झालं, पण दाखवणं अवघड होऊन बसलं. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला की घरातले सगळे एका जागी बसून तो बघायचे. आता रविवारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे एक चक्कर मारली तरी दीडशे फोटो जमतात. त्यातले निम्मे ग्रुपवर पडतात आणि बघणारा अंगठ्याने सरकवत पुढे जातो. त्यात एखादा फार सुंदर असतो, तोही वाहून जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणूनच हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. हौशी माणसाच्या फोटोची किंमत तो किती देखणा आहे यावर कमी ठरते. तो कशाचा, कुठला आणि कधीचा आहे हे बघणाऱ्याला कळतं का, यावर जास्त ठरते. गुलाबाच्या देखण्या फोटोंना जगात तोटा नाही. पण तुमच्या आईने पंचवटीतल्या वाड्याच्या गच्चीवर डालड्याच्या डब्यात लावलेला गुलाब तुमच्याशिवाय दुसरं कुणीच टिपणार नाही. तेव्हा तो टिपावा, निवडावा, त्याच्याखाली दोन ओळी लिहाव्यात आणि मगच पाठवावा.

आधी ठरवा : कुणासाठी?

कॅमेरा हातात घेण्याआधी हे ठरलं तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. पुण्याच्या मावशीला बागेतली शेवंती दाखवायची असेल तर एक फोटो आणि एक ओळ पुरते. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना इंजिन, डॅशबोर्ड, बिल्ला असं सगळं जवळून बघायचं असतं. अनोळखी लोकांसमोर जाणाऱ्या फोटोत घराचा पत्ता, मुलांची शाळा, गाडीचा नंबर यांचा विचार करावा लागतो. एकच गठ्ठा तिन्हीकडे पाठवला तर तिन्हीकडे तो परकाच वाटतो.

फुलं

सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात चांगली. ऊन तिरपं असतं, वारा पडलेला असतो आणि पाकळ्या ताज्या असतात. दुपारी काढायचाच असेल तर फुलावर सावली करा. पांढरी ओढणी किंवा जुनं धोतर कुणालातरी ताणून धरायला सांगितलं की कडक ऊन मऊ होतं. दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडीकडे गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत. तिथे वरचा प्लास्टिकचा कागदच हे काम करतो, त्यामुळे दुपारीही प्रकाश सुरेख मिळतो. फक्त मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बाहेरच्या चपलांमधून रोग आत जातो, आणि त्या माणसाचं सगळं पीक त्या छपराखाली असतं.

लाल जास्वंद, केशरी झेंडू आणि पिवळा बहावा यांची फोनला अडचण होते. रंग इतका भडक नोंदला जातो की पाकळ्यांच्या शिरा, कडा, वळणं सगळं एका गोळ्यात जातं. यावर उपाय सोपा आहे. स्क्रीनवर फुलाला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. फोटो डोळ्याला किंचित काळपट वाटला पाहिजे. काळपट फोटो नंतर उजळता येतो, पण उडालेला रंग परत आणता येत नाही. पांढऱ्या मोगऱ्यालाही हेच लागू.

फोन फुलाच्या अगदी जवळ नेऊ नका. फार जवळ गेलं की फोकस सुटतो आणि फुलाचा आकार फुगीर दिसतो. एक हात मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. मागे काय आहे तेही बघा. नळाची पाइप, दोरीवरचे कपडे, लाल बादली यातलं काही दिसत असेल तर अर्धा फूट डावी-उजवीकडे सरकलं तरी ते फुलामागे लपतं.

एकाच रोपाचा रोज एक फोटो काढायचा प्रयोग अवश्य करावा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मोठा चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती, आणि भांडवल घालू शकणाऱ्याला ती दाखवली होती. आपल्याला एवढंच करायचं : कुंडी हलवायची नाही, फोन ठेवायची जागा खडूने आखून ठेवायची, वेळ तीच पाळायची. शेवंतीची कळी धरल्यापासून फूल कोमेजेपर्यंतचे सहा-सात फोटो एका ओळीत ठेवले की ते बघायला माणसं थांबतात.

आता नावाविषयी. फुलाचा फोटो नावाशिवाय पाठवू नका, आणि खात्री नसेल तर तसं लिहून विचारा. कुंडीत पावसाळ्याच्या रात्री उमलणाऱ्या ज्या पांढऱ्या फुलाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं झाड. हिमालयात उंचावर येणारी ब्रह्मकमळाची वनस्पती अगदी वेगळी. फोटोखाली एवढं लिहिलं तरी बघणाऱ्याला काही मिळालं असं होतं. पावसाळ्यात डोंगरावर काढलेल्या रानफुलांसाठी आयनॅचरलिस्ट हे ॲप उपयोगी आहे. फोटो टाकला की जाणकार लोक ओळख पटवायला मदत करतात.

पण रानफुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी हट्टाने सांगेन : दुर्मीळ फुलाची नेमकी जागा जाहीर करू नका. अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सिरोपेजिया अंजनेरिका, या डोंगराचंच नाव मिळालेली. अशा झाडाचा फोटो ठिकाणासकट फिरला की पुढच्या रविवारी माणसं तिथे पोचतात. कुणी कंद उपटतं, कुणी नुसतं तुडवतं. फोटोखाली ‘नाशिक जिल्हा, सप्टेंबर’ इतकंच पुरे. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही डोंगरावर चढण्याआधी बंद करा, कारण ते फोटोच्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि फाइल जाईल तिकडे जातं.

जुन्या गाड्या

आपल्या गल्लीबोळांत अजून एखादी फियाट किंवा ॲम्बॅसिडर ताडपत्रीखाली उभी सापडते. या गाड्यांचे फोटो काढण्याची हीच वेळ आहे. ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. उरलेल्या गाड्या दरवर्षी कमीच होणार.

पहिली पायरी मालकाला भेटण्याची. रस्त्यावर उभ्या गाडीचा फोटो लांबून काढता येतो, पण तो अर्धवट राहतो. बेल वाजवा, ‘काका, तुमची गाडी फार छान ठेवलीय, दोन फोटो काढू का?’ असं विचारा. जुनी गाडी सांभाळणारा माणूस तिच्याबद्दल बोलायला सहसा तयारच असतो, आणि त्याच्या तोंडून जे कळतं ते फोटोइतकंच मोलाचं असतं. गाडी कुणी घेतली, कुठून आणली, सुटे भाग आता कुठे मिळतात, कुठला मेकॅनिक हात लावतो, सगळं विचारा. आरसी बुकात बघून साल लिहून घ्या. लोक सरसकट ‘फियाट’ म्हणतात, पण त्यात १९६४ ची फियाट ११०० डिलाइट येते, प्रीमियर प्रेसिडेंट येते आणि १९७० च्या दशकात आलेली प्रीमियर पद्मिनीही येते. शौकिनांसाठी हा फरक फार मोठा असतो.

‘व्हिंटेज’ हा शब्दही जपून वापरा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. १९८८ ची पद्मिनी जुनी आहे, प्रेमाची आहे, पण या व्याख्येत अजून बसत नाही.

फोटो काढताना सगळ्यात जास्त त्रास होतो चकाकीचा. पत्रा आणि क्रोम म्हणजे आरसाच. त्यात समोरची दुकानं, तारा आणि स्वतः आपण दिसतो. गाडी मोकळ्या जागी किंवा साध्या भिंतीसमोर उभी करायला सांगा, गडद रंगाचे कपडे घाला, आणि शक्य असेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काढा. त्या वेळी आभाळाचा प्रकाश सारखा पसरलेला असतो आणि बॉनेटचा गोलावा नीट दिसतो. फोन कमरेच्या खाली, हेडलाइटच्या उंचीवर धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी चेपल्यासारखी दिसते. पुढचा कोपरा आणि एक बाजू दिसेल असा एक फोटो, एक पूर्ण बाजूचा, आणि मग बारकावे : बिल्ला, दाराची मूठ, स्टीअरिंगखालचा गिअरचा दांडा, सीटचं झिजलेलं कापड. गंज आणि पोचे लपवू नका. ज्याला तीच गाडी दुरुस्त करायची आहे त्याला त्यातूनच कळतं की पाणी कुठे साचतं.

नंबर प्लेट दाखवायची का, हे मालकाला विचारा. नको म्हणाला तर ओबडधोबड रेघोट्या मारण्यापेक्षा काढतानाच कोन असा घ्या की ती चौकटीबाहेर राहील. दसऱ्याला झेंडूचा हार पुढे लावलेला असतो, तेव्हा हे आपोआप साधतं.

नाशिककरांनी जागेचंही भान ठेवायला हवं. देवळालीचे जुने बंगले आणि शांत रस्ते गाडीमागे फार शोभतात, पण तो छावणीचा भाग आहे. लष्करी हद्दीत, नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्याच्या परिसरात किंवा ओझरला विमान कारखान्यापाशी कॅमेरा काढू नका. त्यापेक्षा मालकाचं स्वतःचं अंगण उत्तम. गाडी जिथे राहते तिथली पार्श्वभूमी तिला सगळ्यात जास्त शोभते.

घर

हा विषय मला सगळ्यात जवळचा. घरातल्या फोटोला लोक कमी लेखतात, कारण ते रोजचं असतं. पण तीस वर्षांनी फूल तसंच असेल, घर तसं नसेल. जुन्या नाशकातले वाडे पडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत. ओसरी, माजघर, चौक, कोनाडे हे सगळं फोटोतच उरणार आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण पडतं, तांबट लेनमधून आणलेला बंब कोपऱ्यात उभा असतो, आजी देवघरासमोर वाती वळत बसते. हे काढा. आणि काढताना घर आवरू नका. ओट्यावरचा अर्धा चिरलेला कांदा आणि भिंतीवरचं कॅलेंडर तसंच राहू द्या. साल सांगायला ते कॅलेंडरच उपयोगी पडतं.

प्रकाशासाठी एकच नियम : ट्यूबलाइट बंद करा, खिडकी किंवा दार उघडा, आणि माणूस खिडकीच्या बाजूला बसलेला असू द्या. खिडकी पाठीमागे घेतली तर चेहरा काळा पडतो. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा पांढरा प्रकाश मिसळला की पोळीसुद्धा हिरवट दिसते. वाड्याच्या माजघरात उजेड फारच कमी असतो. तिथे फोन कोनाड्यात किंवा पिठाच्या डब्यावर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश मात्र कधीच वापरू नका, फोटोतला सगळा जिव्हाळा निघून जातो.

परवानगी घरातल्यांचीही लागते. आईचा स्वयंपाकघरातला फोटो तुम्हाला कितीही आवडला तरी ‘या गाऊनवर नको रे’ असं ती म्हणाली की विषय संपला. हातांचा काढा, तव्यावरच्या वाफेचा काढा. काही घरांत देवघराचा फोटो बाहेर गेलेला चालत नाही, ते विचारून घ्या. आणि अनोळखी लोकांसमोर टाकण्याआधी फोटोच्या चारही कोपऱ्यांवर नजर फिरवा : लाइट बिल, कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता, औषधांच्या बाटल्या, मुलांच्या गणवेशावरचं शाळेचं नाव, उघडं कपाट. गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका, म्हणजे घर रिकामं आहे हे जगाला कळत नाही.

घराचे फोटो म्हटलं की जुना अल्बमही आलाच. बहुतेक घरांत एक फोटो असतोच : नवी गाडी, तिला हार, बॉनेटवर पेढ्यांचा बॉक्स आणि भोवती सगळं कुटुंब. तो स्कॅन करा. पोस्टकार्डाच्या मापाच्या फोटोसाठी ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) ठेवा. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवून, अंगावर सावली पडू न देता, बरोबर वरून फोनने काढा. अल्बमच्या प्लास्टिकमधून निघत असेल तर हळू काढा, चिकटला असेल तर ओढू नका, प्लास्टिकसकट तसाच स्कॅन करा. मग घरातल्या ज्येष्ठांजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा : हे कोण, कुणाचं लग्न, मागे कुठलं घर. कागद पन्नास वर्षं टिकतो, पण नावं सांगणारं माणूस तेवढं थांबत नाही. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

निवड आणि किरकोळ दुरुस्ती

काढल्याबरोबर पाठवू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग गॅलरीत सगळे फोटो छोट्या चौकोनांत बघा. चौकोनात असतानाही जो नजर धरतो तो ठेवा. एका प्रसंगाचा एकच, आणि एका रोपाच्या वाढीची मालिका सोडली तर एका वेळी पाचापेक्षा जास्त नकोत. पाचही फुलं सारख्याच अंतरावरून काढलेली असतील तर त्यातली तीन काढून टाका.

दुरुस्ती थोडीच : वाकडी भिंत सरळ करा, कडेचा फापटपसारा कापा, थोडा उजेड वाढवा. रंग भडक करण्याचा मोह टाळा. आभाळ बदलणं, फुलाला दवबिंदू चिकटवणं, गाडीचे पोचे पुसणं हे करू नका. मूळ फाइल नेहमी वेगळी जपून ठेवा.

दोन ओळी लिहिणं

इथे बहुतेक जण कंटाळा करतात, आणि खरं काम तर इथेच असतं. ‘सुंदर सकाळ’ या ओळीतून काहीच कळत नाही. हे बघा :

‘प्राजक्त. पंचवटी, वाड्याचं मागचं अंगण, आश्विन महिना, सकाळी साडेसहा. सातला झाडलोट होते, त्याआधीचा सडा.’

‘प्रीमियर पद्मिनी. मालकाच्या वडिलांनी सटाण्याहून द्राक्षांच्या पेट्या आणायला घेतली. मागची सीट अजून मूळची.’

काय, कुठे, कधी, आणि फोटोत न दिसणारी एखादी गोष्ट. एवढं असलं की समोरचा माणूसही काहीतरी सांगायला पुढे येतो. ‘आमच्याकडेही होती’, ‘हे फूल आमच्या गावी वेगळ्या नावाने ओळखतात’, आणि बोलणं सुरू होतं. मराठीतच लिहा. झाडांची, भांड्यांची, घराच्या भागांची आपली नावं फोटोसोबत टिकतात.

पाठवायचं कसं

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होऊन पोचतो. पाहण्यापुरता ठीक, छापायला नाही. एचडी पर्याय थोडा बरा. मूळ फाइलच द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण तेव्हा फाइलमधली ठिकाणाची माहितीही सोबत जाते. म्हणून घरचा किंवा दुर्मीळ फुलाचा फोटो असा अनोळखी माणसाला देऊ नका.

लग्नकार्याचे किंवा गाडीच्या मेळाव्याचे जास्त फोटो असतील तर गूगल फोटोजमध्ये अल्बम करून त्याची लिंक द्या. ज्याला हवं तो बघेल, ग्रुपचा फोन भरणार नाही. गूगलची १५ जीबी मोफत जागा मेल आणि ड्राइव्ह मिळून असते, हे लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामसाठी उभा, चारास पाच प्रमाणातला काप चांगला, फोनच्या पडद्यावर जास्त जागा व्यापतो. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर मोफत खात्यात १,००० फोटो ठेवता येतात, आणि विषयवार अल्बम लावायला ती जागा मला अजूनही आवडते.

आपले फोटो सगळ्यांच्या कामी यावेत असं वाटत असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात, द्या. जुन्या गाडीचा किंवा स्थानिक वनस्पतीचा साधा, स्वच्छ फोटो तिथे विश्वकोशातल्या लेखाला उपयोगी पडतो. मात्र तिथे दिलेला मुक्त परवाना परत घेता येत नाही, आणि त्यात व्यापारी वापरालाही मोकळीक असते. विचार करून द्या. घरातल्या माणसांचे फोटो तिथे टाकू नयेत, असं माझं मत.

हक्काचं थोडक्यात. तुम्ही काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपोआप तुमचा असतो, नोंदणीची गरज नाही. भारतात कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तरी स्टुडिओचं नाव मागे छापलेलं असेल तर ते लिहावं, तेवढा मान त्या कामाला द्यावा. दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवताना नाव कापू नका. स्वतःच्या फोटोवर मात्र मधोमध मोठं नाव छापू नका, कोपऱ्यात बारीक पुरेसं आहे.

सरावासाठी दसरा

सगळं एकदम जमवायचं असेल तर दसऱ्याचा दिवस घ्या. आदल्या दिवशी पंचवटीत झेंडूचे ढीग लागतात, तिथे विक्रेत्याला विचारून, थोडी फुलं विकत घेऊन, दोन फोटो. सकाळी दाराला तोरण बांधणारे हात. मग गाडीची पूजा : चाकाखालचं लिंबू, हार, हळदकुंकू, शेजारी उभा मालक. दुपारी ताटातला केशरी भात किंवा श्रीखंड, खिडकीच्या उजेडात. संध्याकाळी सोनं द्यायला आलेले पाहुणे. या सगळ्यातून पाच निवडा, क्रम लावा, ओळी लिहा, आणि तिसऱ्या दिवशी पाठवा.

छापून ठेवा

वर्षातून एकदा तरी निवडक वीस-पंचवीस फोटो छापून घ्या. चार बाय सहा इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, आठ बाय बारासाठी २४०० बाय ३६००. फोनचा फोटो बहुधा चारास तीन प्रमाणात असतो आणि कागद तीनास दोन. म्हणून दुकानात देण्याआधी काप स्वतः ठरवा, नाहीतर मशीन कुणाचं तरी डोकं कापतं. डिजिटल फाइलींच्या तीन प्रती ठेवा : फोनमध्ये, घरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा बहिणीकडे.

छापलेल्या फोटोमागे नाव, जागा, तारीख लिहा. बॉलपेन वापरू नका, दाबाने अक्षरं पुढे उमटतात. साध्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. गुळगुळीत पाठीवर ती उमटत नाही, तिथे बारीक टोकाच्या परमनंट मार्करने कडेला लिहा, आणि शाई पुरती वाळल्यावरच दुसरा फोटो वर ठेवा.